सोजरची मिटिंग

पहिल्याच भेटीत मी सोजरच्या हातावर हात ठेवून, कळवळून विचारलं होतं, "किती वर्षं पितात गं तुझे मालक?"

तिनं हात काढून घेतला नाही. नुसती म्हणाली, "मालक माळकरी हायेत. पिनारी मी हाय."

मी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगला मी ठेवणीतली साडी नेसून आणि चिवडा घेऊन गेले होते, हळदीकुंकवाला जावं तशी. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात.

ती मिटिंग शोधतानाही मी शहाणपणा केलाच होता. आमचे हे तिसगावचे, घरची शेती, चारचौघांत मान. फक्त दिवस मावळला की घरचा रस्ता विसरायचे. मी मेडिकलच्या दुकानात जाऊन हळूच म्हटलं, एका लांबच्या नातेवाइकाची दारू सोडवायची चौकशी करायची होती. दुकानदारानं विचारलं, "काका आज बरोबर नाही आले?" गावातच शनिवारी मिटिंग भरते, हेही त्यानंच सांगितलं. पण गावात लोक ओळखतील म्हणून आम्ही पाथर्डीच्या मिटिंगला जायचं ठरवलं. पाथर्डीचे एक कापडवाले त्याच हिशेबानं तिसगावला यायचे. ते जीपमधून उतरायचे, आम्ही चढायचो. रामराम व्हायचा, पण कुठं निघालात असं कुणी कुणाला कधी विचारलं नाही.

पाथर्डीला शाळेच्या वर्गात पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून सगळे पुरुष बसलेले असत, आणि त्यांच्यात सोजर एकटी बाई. आम्ही घरच्या बायका बाहेर ओट्यावरून ऐकायचो. ऊसतोड करणारी, चाळिशीची, उन्हानं रापलेली. बोलायची पाळी आली की ती पदर कमरेला खोचून उभी राहायची. "मी सोजर. मी दारुडी हाय." बाकीचे त्या शब्दापाशी येईपर्यंत दहादा खाकरायचे. आमचे हे तर पहिल्या खेपेला उभे राहिले आणि कांद्याच्या भावावर बोलून खाली बसले. मुद्द्यावर यायला त्यांना बरेच शनिवार लागले.

दारूबद्दल बोलताना सोजर रडायची नाही. "अंग दुकायचं म्हनून घेतली. मग अंग दुकंना, तरी घेतली," एवढ्यात तिचं सांगून व्हायचं. नवऱ्याबद्दल म्हणायची, "त्यो शिव्या देत न्हाई. म्होरं टाळ घेऊन बसतो. शिव्या परवडल्या."

एकदा एका नव्या गृहस्थानं तिला सुचवलं, की घरच्या बायका बाहेर ओट्यावर बसतात. सोजर म्हणाली, "दादा, पिताना मला कुनी भाईर बसवलं न्हाई." गृहस्थ सरकले आणि बाकावर तिला जागा झाली.

दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली. आदल्या वर्षीही तिनं सोडली होती, पण उसाच्या फडावर गेल्यावर पुन्हा धरली. या खेपेला लेकीला दिवस गेले होते. लेकीनं तोंडावर सांगितलं होतं, यंदा प्यायलीस तर बाळंतपणाला येऊ नको, पोर तुझ्या हातात देणार नाही.

सोजर मला म्हणाली, "आक्का, तिकडं मिटिंग न्हाई. कोयता ठिवला की फोन करीन. उचलशाल?"

मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं?

"कळायचं काय न्हाई. म्या बोलायचं, तुमी ऐकायचं."

पहिल्याच फोनला मी लिंबूपाणी, नामस्मरण आणि मनाचा निग्रह हे सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उपदेश मला पिताना बी लई मिळायचा. तुमी नुसतं हं म्हना."

मग मी हं म्हणायला शिकले. माझ्यासारख्या बाईला ते सोपं नव्हतं. ती सांगायची, आज मोळ्या वाहून पाठ गेली, शेजारच्या कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, दारूचा वास येतो, मालक भजन म्हणतात. मी हं म्हणायची. लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता नव्हती, असं ह्यांचं म्हणणं.

थंडीत एका संध्याकाळी फोन आला. "आक्का, शेजारच्या कोपीतली बाई बी घेती. आज आपल्या पायानं आली. आता आमी दोगी हाव, म्हंजी मिटिंग झाली."

मला हुरूप आला. म्हटलं, तिला दे फोन, दोन शब्द सांगते.

"न्हाई आक्का. मिटिंग पिनाऱ्यांची असती. तुमी कदी घेतली न्हाई. ठिवा आता."

मी फोन ठेवला. आयुष्यात कधी दारू घेतली नाही याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

त्यानंतर फोन कमी झाले, मग थांबलेच. म्हणजे बरंच चाललं असेल, असं मी मनाशी म्हणायची आणि तेवढ्यापुरता माझाच विश्वास बसायचा.

उन्हाळ्यात टोळीचा ट्रक पाथर्डीला आला. आम्ही मिटिंगला निघालो होतो. बायका उतरल्या, भांडी उतरली, शेळ्या उतरल्या. सोजर उतरली नाही. मी पुढं होऊन तिच्या मालकांना गाठलं. म्हटलं, "सोजर?"

त्यांनी गळ्यातली माळ सारखी केली. "ती वाटंतच उतरली. लेकीचा फोन आल्ता, बाळंतपनाला आईला पाठवा म्हनून."