धाकटीसाठी रक्त जुळवताना

रक्तपेढीत बावीस वर्षं रक्त जुळवण्याचं काम करणाऱ्या तिला सगळे ताईच म्हणत. त्या सकाळी समोर आलेल्या चिठ्ठीवर तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. तिने ते वाचलं, हातमोजे चढवले आणि कामाला लागली.

धाकटीला लहानपणापासून रक्त चढवावं लागे. इतकी वर्षं परकं रक्त घेऊन तिच्या अंगात एक अँटिबॉडी तयार झाली होती. अँटिबॉडी अख्खी पेशी ओळखत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरचा एखादा कणभर भाग, त्याचा ठरावीक आकार, तेवढाच पकडते; बाकीच्याशी तिला देणंघेणं नसतं. धाकटीच्या अँटिबॉडीने हेरलेला भाग जवळपास प्रत्येक माणसाच्या तांबड्या पेशींवर असतो; तिच्या स्वतःच्या पेशींवर मात्र नव्हता.

“माझं रक्तही माझ्यासारखंच नखरेल,” धाकटी म्हणाली होती.

ताईने चौदा पिशव्यांतलं रक्त धाकटीच्या रक्ताशी जुळवून तपासलं. चौदाही नळ्यांत गुठळ्या, म्हणजे एकही जुळत नव्हतं. मग स्वतःचं काढून पाहिलं. त्यातही गुठळ्या. काही वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडात तो भाग नसण्याची शक्यता चारात एक. राहिला दादा. वडिलांच्या आजारपणात ‘तू पाहुण्यासारखा येतोस’ असं ताई त्याला बोलली होती. तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. तिने फोन केला आणि कामाचा निरोप द्यावा तसं सगळं सांगितलं. तासाभरात तो बाही दुमडून समोर बसला.

“जुळेल?”

“बघितल्याशिवाय सांगता येत नाही.”

तिने नळी उजेडात धरून हलवली. रक्त एकसारखं, सरळ वाहिलं. खात्रीसाठी तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

“जुळलं,” ती म्हणाली. दादा भिंतीकडे बघत मूठ उघडत-मिटत राहिला.

धाकटी त्या वेळी वाचली. पुढची दोन वर्षं दादा दर तीन महिन्यांनी येऊन रक्त देत होता. जुन्या गोष्टी दोघांनी कधी काढल्या नाहीत, हवापाण्याचं बोलत. मग साध्या न्यूमोनियाने धाकटी गेली. तिसऱ्या दिवशी ताई कामावर हजर झाली.

पुढच्या तारखेला दादा नेहमीसारखा आला.

“आता कोणासाठी?” तिने विचारलं.

“असेल कोणीतरी. तू घे.”

ताईने त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधू लागली.