भिंतीपलीकडची शिट्टी

शेजारच्या क्वार्टरमधले काका कारखान्यात मीटर दुरुस्त करतात आणि घरी कॉम्प्युटरवर लिनक्स प्रणालीच्या मागे असतात. काहीही विचारा, आधी चष्मा पुसतात, मग म्हणतात, "देखो, तत्त्व एकदम सोपं आहे."

एका रविवारी काकू भाजीला निघाल्या. "अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." काकांनी स्वयंपाकघरातल्या जुन्या कॉम्प्युटरला माइक लावला, तिथला आवाज नेटवर्कवरून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर घेतला आणि हेडफोन चढवून बसले.

सहावी शिट्टी मला माझ्या घरात ऐकू आली, तसा मी धावलो. डाळ करपल्याचा वास अंगणापर्यंत आला होता. मी तोंड उघडणार, तोच काकांनी बोट ओठांवर ठेवलं. "शूः! आत्ता कुठे एकच झालीय."

गॅस मीच बंद केला. काकू आल्यावर काका पुटपुटले, "आवाज नेटवर्कमध्येच अडकला." काकूंनी करपलेला कुकर घासायला टाकला.

पुढच्या रविवारी पिशवी घेऊन त्या आमच्या दारात. "अरे, शिट्ट्यांकडे तूच लक्ष दे. तुला भिंतीतून नीट ऐकू येतं."

त्यांच्या मागे काका चष्मा पुसून आमची सामाईक भिंत निरखत होते. तिच्यावर हलकेच टकटक करून म्हणाले, "मानलं यार! हिच्यात काहीच अडकत नाही."