जुन्या मापाचा सदरा

आमच्या ह्यांना टीबी झाला तेव्हा आम्ही नवराबायको दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत कामाला होतो. आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. खोकल्यात रक्त पडलं, मग नाशकाला सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. मी पंचवटीत जावेकडं राहायची, सकाळी भाजीबाजारात पाट्या वाहायची आन दुपारी वार्डात जायची.

त्या वार्डात एकच बोलणं, वजन. दर सोमवारी काट्यावर उभं करायचे. ज्याचं चढलं तो घरी जाणार. ज्याचं उतरलं त्याच्या बायकोकडं कुणी बघायचं नाय. ह्यांचं उतरतच होतं. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकायचं.

मी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली. माहेरी खंडोबा. शाळा दुसरीपर्यंत. चर्चमधली भाषा मला निम्मीच कळायची. एकदा चर्चचे पाळकसाहेब ह्यांना भेटायला आले. टीबीचा वार्ड, म्हणून तोंडाला रुमाल घट्ट बांधलेला. प्रार्थना केली आन जाताना रुमालातूनच मला म्हणले, "बाई, भिऊ नका. देवाचा शब्द हाय. वजन कमी होणार नाय."

मला असंच ऐकू आलं. देवच म्हणला म्हणल्यावर मला लय धीर आला.

नाताळ जवळ आला होता. नाताळाला अंगावर नवं कापड पाहिजे, ही आमच्याकडची रीत. मी कापड घेतलं, ह्यांचा दुखण्याच्या आधीचा सदरा मापाला घेतला आन गल्लीतल्या शिंप्याकडं गेले.

"माणूस कुठंय?"

"दवाखान्यात. टीबी हाय."

"मग हे माप कसं चालंल? चांगलं चार बोटं आत घेतो."

"नाय दादा. ह्याच मापाचा शिवा."

"अहो बाई, गळ्यातून घालाल आन पायातून निघंल!"

"निघू द्या. माणूस भरून येणार हाय."

त्यानं शिवला. जावेनं घडी उलगडून बघितली आन म्हणली, "एवढा कुणाला गं? मढ्याला नवं कापड लागतंच, पण त्याला माप लागत नाय." ती वाईट नव्हती. भ्यालेली होती.

पाळकसाहेब परत आले तेव्हा मी आपलं कौतुकानं सांगितलं, "साहेब, तुमच्या सांगण्यावरून मोठा सदरा शिवला."

"माझ्या?"

"तुम्हीच म्हणले ना, वजन कमी होणार नाय म्हणून."

त्यांनी तोंडावरचा रुमालच खाली ओढला. "वजन नाय हो बाई! वचन! वचन कमी होणार नाय म्हणलो मी."

खाटेवर हे हसायला लागले ते खोकला येईस्तोवर हसले.

मी विचारलं, "मग वजनाचं देव काय म्हणला?"

साहेब खाटेच्या कडेला टेकले. "वजनाचं काय नाय म्हणला. मी तुम्हाला टाकणार नाय, सोडणार नाय, एवढं म्हणलाय."

घरी आले तर जाऊ म्हणली, "आता तरी चल शिंप्याकडं. घालायच्या आधी आत घेऊ." मी सदरा मांडीवर घेऊन बसले. वजनाचा शब्द नव्हताच. टाकणार नाय, हा होता. तो टाकणार नाय तर मी कशाला ह्यांना आधीच कमी धरू?

"नाय घ्यायचा आत," म्हणलं. जाऊ चिडून भाकरी थापायला बसली.

नाताळाला ह्यांना सदरा घातला. खांदे दंडावर आले, बाह्यांत हात सापडंना. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणला, "पाव्हणं, कुणाचा मागून आणला?"

"माझाच हाय," हे म्हणले. "मीच यायचा राहिलोय."

सगळा वार्ड हसला. सिस्टरबी हसली.

शेजारचा तो माणूस संक्रांतीच्या सुमारास गेला. त्याची बायकोबी देवाचं करायची, माझ्याहून जास्त. तिला सगळं उरकल्यावर मी कळवणच्या एसटीत बसवून दिलं. तिचं असं का आन माझं तसं का, हे मला अजून सांगता येत नाय.

ह्यांचं उतरायचं थांबलं. मग सावकाश चढायला लागलं. सुया होत्या, अंडी होती, देव होता. उन्हाळ्यात घरी आणलं. वर्षभर ह्यांनी हलकीच कामं केली, मग पुढच्या दिवाळीच्या छाटणीला बागेत गेले. मांडवाखाली उभं राहून वर हात केला आन तोच नाताळाचा सदरा ताणून काखेत उसवला. मी कमरेच्या पिशवीतली सुई काढली.

जाऊ तेव्हा आमच्याकडं आलेली. लांबून ओरडली, "अगं, अंगावर शिवू नये, अपशकुन असतो! काढायला लाव!"

"गप उभे राहा," मी ह्यांना म्हणलं. अजून दोन ओळी छाटायच्या होत्या.