समोरच्या खोलीतलं इंग्रजी

अहमदपूरला आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी इंग्रजीचा क्लास घेतो. लातूरचे मोठे क्लास ज्यांना झेपत नाहीत, ती लेकरं माझ्याकडे येतात. मला लातूरला फ्रेजल व्हर्ब जसे शिकवले, तसेच मी त्यांना शिकवतो. मी इंग्रजी म्हणायचं, पोरांनी मराठी अर्थ एका सुरात ओरडायचा. गिव्ह अप? सोडून देणे! पुट ऑफ? पुढे ढकलणे! पुल थ्रू? आजारातून बरे होणे! जगात ही भाषा कुणी खरोखर बोलत असेल, याच्याशी आमचं काही देणंघेणं नाही. पेपरात जोड्या लावता आल्या की झालं. असलं शिकवून मी सर म्हणवून घेतो.

वडील ओट्यावर बसून ऐकायचे. आवाज पडला की बाहेरूनच दटावायचे, "जेवून आलाव न्हाई का रे?" अर्थ त्यांना एकही येत नव्हता. लेक इंग्रजी शिकवतो हे गल्लीला ऐकू जावं, एवढीच हौस. आई आत भाकरी थापत असायची. ती ऐकते की नाही, हे मी कधी पाहिलंच नाही.

गेल्या वर्षी वडील ओट्यावरच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नांदेडला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर आमच्याच भागातले, उदगीरकडचे. औषधं कुठून आणायची, सही कुठं करायची, हे सगळं त्यांनी अस्सल मराठीत सांगितलं. मग एका दुपारी ते आतून बाहेर आले, भिंतीला टेकून बसलेल्या आईकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही इंग्रजीचे ना?" तिथून पुढं त्यांची मराठी संपली.

"ही मे नॉट पुल थ्रू."

त्या माणसाचा मला राग आला. अजून येतो. बायकोला तिचा नवरा वाचणार नाही असं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ते ओझं माझ्या गळ्यात टाकून हा मोकळा. मी मनातल्या मनात मऊ मराठी जुळवू लागलो. निदान संध्याकाळपर्यंत तरी हे आईला कळू नये, एवढंच मला हवं होतं.

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फरशीकडे बघत, पोरं म्हणतात त्याच सुरात, ती हळूच म्हणाली, "आजारातून बरे होणे."

मग मान वर करून विचारलं, "आन् त्येच्या आधी नॉट म्हणले न्हाई का रे डॉक्टर?"

डॉक्टरांनी खिशातून मोबाईल काढला आणि ते जिन्याकडे वळले. मी आईजवळ बसलो. सांगायला काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडील गेले. महिनाभरानं क्लास पुन्हा सुरू केला, तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "बाबा, तेवढं एक गाळ की."

"परीक्षेला येतंय ते, आई."

खरंच येतं. दरवर्षी येतं.  आता तो भाग आला की आई तव्यावरची भाकरी उतरवते आणि मागच्या अंगणात जाऊन बसते. ओट्यावरून दटावणारं आता कुणी नाही, तरी पोरांचा आवाज तिथपर्यंत जातोच.