जर्मन अंकलची दोन टिंबं

कीबोर्ड शिकवणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी साठतात, मुलांच्या विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान परत जातात. किस्से मात्र इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या माझ्या एवढ्याशा हॉलमध्ये पडून आहेत, आणि बहुतेक एकाच माणसाचे.

तो माणूस अठराव्या शतकातला जर्मन. गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, उरलेला आठवडा पोरांना शिकवायचा. फारसं कुणाला माहीत नाही. नाव इतकं लांबलचक की मुलं त्याला ‘जर्मन अंकल’ म्हणतात. परीक्षेच्या पुस्तकात त्याची एक पानभर नाचाची चाल आहे. तिचे दोन भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टिंबं. म्हणजे तो भाग परत वाजवा. पण परीक्षेत परत वाजवावं लागत नाही, त्यामुळे कुणी वाजवत नाही. इतकी वर्षं शिकवतेय, पण ती चाल त्याने लिहिली तशी पूर्ण एकदाही ऐकलेली नाही. एकदा ऐकायची आहे हो. बास.

शिकायला येणाऱ्या आरवला म्हटलं, “टिंबं दिसतात ना? परत वाजव.”

“मिस, इज ही अलाइव्ह?”

“नाही रे, दोनशे वर्षं होऊन गेली त्याला जाऊन.”

“देन ही वोन्ट नो!”



एक आई आल्या. “मॅडम, जरा फेमस माणसाचं काही द्या ना! सासूबाईंना व्हिडिओ पाठवायचाय. हा कोण म्हणून विचारतील.”

मी म्हटलं, “हे गृहस्थ मुलांच्या शिकवण्या करायचे. माझ्यासारखेच.”

त्या हळूच म्हणाल्या, “राहू दे मग हेच. बिचारे!”

आमचे हे दाढी करताना तीच चाल शिट्टीवर वाजवतात. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून पाठ झालीय. सगळी मुलं जिथे अडखळतात, बरोब्बर तिथे हेही थांबतात. एकदा मी वैतागून विचारलं, “पुढे?”

“पुढे आहे?” हे म्हणाले.

मग झोया आली. रत्नागिरीकडची, वडील सलीमभाई रास अल खोर भागातल्या वर्कशॉपमध्ये कामाला. ही एकटीच म्हणाली, “मिस, आय विल डू द डॉट्स.” मी वरवर “बरं” म्हटलं, पण आतून इतका आनंद झाला! गॅदरिंगला ती वाजवायला बसली. पहिला भाग संपला, दोन टिंबं आली, तिने हात उचलला, आणि पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात जोरात सलीमभाईंनी. पोर बावरली, उठली, वाकून नमस्कार करून खाली आली.

“मिस, दे क्लॅप्ड. आय थॉट खलास,” म्हणाली आणि रडायला लागली.

नंतर सलीमभाईंचं काम सुटलं. कुटुंब गावी निघालं. इथे मुलं अशीच जातात. दर वर्षी वाटतं आता सवय झाली, आणि होत नाही. मी निरोपाला गेले तेव्हा घरात नुसती खोकी होती. कीबोर्ड विकून झाला होता, तो न्यायला पिकअपवाले खानभाई दारात उभे.

“यल्ला मॅडम, जल्दी! नीचे पार्किंग नहीं है! फाइन लगेगा!”

सलीमभाई मला म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी मीच घोळ केला. मला काय ठाऊक, पुढे परत असतं ते!” मग खानभाईंकडे वळले. “भाई, दो मिनट. बच्ची को बजाने दो.”

स्टँड आधीच बांधून झालं होतं. झोया फरशीवर मांडी घालून बसली. पहिला भाग वाजवला. दोन टिंबं. परत वाजवला. सलीमभाईंनी दोन्ही हात घट्ट पाठीमागे धरले होते. दुसरा भाग सुरू झाला. नेहमीची अडखळायची जागा आली आणि गेली. भाग संपला. तिने हात उचलला.

खानभाई वायर काढायला पुढे आले. “खलास?”

“नो अंकल. रिपीट इज देअर.”

खानभाईंनी खिडकीतून खाली आपल्या गाडीकडे पाहिलं. वाजणारा फोन बंद केला. आणि एक खोकं ओढून त्यावर बसले.