बैठकीला बसणारी बाई

कपडे उसवून पुन्हा मापात बसवून द्यायचं दुकान चालवणाऱ्या मावशीला गल्लीतले लोक मागून 'तपासनीस' म्हणत. गिऱ्हाईक नुसतं "सहज आलो" म्हणालं, तरी तिच्या कपाळाला आठी पडे. नवरा गेल्यावर गोड बोलणाऱ्यांनी तिला चांगलंच पोळलं होतं, म्हणून तिच्या संशयाला कोणी फारसं हसत नसे.

एका संध्याकाळी तिची भाची शिलाई मशीनशेजारी बसून नागरिकशास्त्राचा धडा घोकत होती. नगरसभेची बैठक सर्व नागरिकांना खुली असते, हे वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं, तसा मावशीने मशीनवरचा पाय थांबवला.

"खुली असते, तर तिथे जाऊन आलेला एकही माणूस मला आजवर कसा भेटला नाही?"

परीक्षेत तेवढंच विचारतात, असं भाचीने सांगितलं. मावशीचं काही समाधान झालं नाही. पुढच्या बैठकीच्या दिवशी तिने दुकानाला कुलूप लावलं आणि तडक नगरसभा गाठली.

दारावरच्या शिपायाने विचारलं, कोणाकडे काम आहे? कोणाकडेच नाही, नुसतं बसायचंय, म्हटल्यावर तो बुचकळ्यात पडला. आत विचारून आला आणि नाइलाजाने बाजूला झाला. मागच्या रांगेत लोकांसाठीच्या खुर्च्यांवर जुने पडदे आणि मोडके पंखे रचलेले होते. मावशीने एक पंखा खाली उतरवला, खुर्ची रुमालाने पुसली आणि ठाण मांडलं.

लगेच कुजबुज सुरू झाली. हिला कोणी पाठवलं? अध्यक्ष चोरून बघू लागले. कोणीतरी तिच्यासाठी चहा धाडला, पण ती त्याला शिवलीसुद्धा नाही.

बाजारामागचं मुलांचं मैदान गाड्या लावण्यासाठी ठेकेदाराला द्यायचं, असा विषय होता. नागरिकांची हरकत नाही, असं अध्यक्षांनी वाचून दाखवलं. आपल्याला तर कोणी विचारलंच नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण बघणाऱ्यांना मधे बोलायची परवानगी नव्हती. मग ती एकेका सदस्याकडे टक लावून बघत राहिली. तिच्याच भागातून निवडून आलेला, चष्म्याचं दुकान असलेला सदस्य चुळबुळत उठला आणि म्हणाला, आधी लोकांना विचारू, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. तसं ठरलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला पँट आखूड करायला घेऊन आला.

"खरं सांगा मावशी, तुम्हाला कोणी बसवलं तिथे?"

"भाचीच्या धड्याने."

त्याला ते काही पटलं नाही. आपण मैदान द्यायच्या विरोधात आहोत, असं तो म्हणाला. तिलाही ते पटलं नाही.

"मत द्याल तेव्हा बघू," ती म्हणाली.

मधल्या दिवसांत दुकानात येईल त्याला ती मैदानाचं सांगत राहिली. काहींनी हरकत लिहून दिली, काही जण पुढच्या बैठकीला तिच्या आणि भाचीसोबत जाऊन बसले. मतदान हात वर करून झालं. ऐन वेळी चष्मेवाला पाण्याच्या निमित्ताने सटकणार, याची तिला खात्री होती. तो जागचा हलला नाही. त्याचा हात विरोधातच वर गेला, पण बहुमत दुसऱ्या बाजूला होतं. मैदान गेलं.

घरी येताना भाची धुमसत होती. धड्यात सगळं खोटं लिहिलंय, म्हणाली.

"बसता येतं असं लिहिलं होतं, ते खरं निघालं," मावशी म्हणाली. "मैदान कोणी दिलं, ते आता तोंडं बघून माहीत आहे. निवडणुकीत विसरायचं नाही."

पँट न्यायला चष्मेवाला आला, तेव्हा तुमच्यावर मी उगाच शंका घेतली, असं तिने कबूल केलं. सोपं गेलं नाही तिला ते.

निवडणूक झाली. मैदान देणाऱ्यांपैकी बरेच जण पडले, काही मात्र पुन्हा आले. नव्या अध्यक्षांनी मावशीसाठी अगदी पुढे गादीची खुर्ची ठेवली. ही गादी कशासाठी, ते काही तिच्या लक्षात येईना. ती भाचीला घेऊन मागच्याच रांगेत बसली.