शेंदूर लावलेलं शिंग

नरडाण्याजवळच्या आमच्या घरी माझ्या माहेराहून आणलेली एक शेळी आहे. ती पिल्लू असताना माझ्या थोरल्या दिरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला, सळई तापवली आणि तिच्या शिंगांचे कोंब जाळले. मोठी झाल्यावर पोरांना मारायला नको, म्हणून. जळक्या केसांचा तो वास गोठ्यातून हटेना. एवढं करून काम अर्धवटच. मूळ जिवंत राहिलं आणि काही महिन्यांनी एका बाजूने शिंग पुन्हा फुटलं, वेडंवाकडं, खरबरीत, खाली डोळ्याकडे वळलेलं.

जाळलेलं शिंग परत आलं म्हणजे देवीचीच इच्छा, असं दीर म्हणाले. झालं, गावाला तेवढंच पाहिजे होतं. दर मंगळवारी बाया येऊन शिंगाला तेल-शेंदूर थापू लागल्या. जुना थर कोणी काढत नव्हतं, वर नवा चढत होता. त्यावर माश्या. मला तिकडे बघवत नसे.

टोक डोळ्याला टेकायला आलं तेव्हा मी दिरांना म्हटलं, "भाऊ, कापून घेऊ या. डोळा जाईल तिचा."

"बठ्ठं गाव पाया पडस, आनि तू कापाले निंघनी?" ते म्हणाले. "देवीनं शिंग शे ते."

सळई लावणारे हेच, आणि आता देवीच्या नावाने गळा काढणारेही हेच. शिसारी आली मला.

शेळी चारा सोडून भिंतीला डोकं घासू लागली, तेव्हा कोणालाही न विचारता मी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तारेच्या करवतीने शिंग कापलं, कोमट पाण्याने शेंदूर सोडवला. खाली पू आणि वळवळणाऱ्या अळ्या. डोळा केव्हाच फुटला होता. मोरीपर्यंत पोचायच्या आत मला उलटी झाली.

तेवढ्यात नारळ घेऊन एक बाई आली. शिंग कुठे गेलं म्हणून तोंड वाकडं करून परत गेली. डोळ्याबद्दल चकार शब्द नाही.

तिच्या मागोमाग गोठ्यात आलेल्या दिरांनी शेळीचं डोकं धरून दुसरी बाजू चाचपली. बोटाला नव्या कोंबासारखं काहीतरी टणक लागलं, तशी स्वारी खुलली.

"हाई देख, आठे बी फुटी राहिनं."

त्या बाजूचा डोळा अजून शाबूत होता. डॉक्टर करवत पिशवीत भरत होते. त्यांना म्हटलं, थांबा, तेही आत्ताच काढा. मग दिरांचा हात मी शेळीच्या डोक्यावरून उचलून बाजूला केला.

"भाऊ, देवीने विचारलं तर माझं नाव सांगा."